गळेकापू आणि गळ

ऑफिसात गळेकापू माणसं असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अप्रेझलच्या महिन्यात तर त्यांना नव्याने धार लावलेली असते. पण गळेकापू नावाचा एक मासाही आहे, आणि तो स्वभावाने अगदी साधा निघाला. घरकोंबडाच म्हणा ना! इंग्रजीत त्याला कटथ्रोट म्हणतात. जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकेक लाल-केशरी रेघ असते, कुणीतरी सुरी फिरवल्यासारखी, म्हणून हे नाव. त्याने स्वतः कुणाचा गळा कापलेला नाही. उलट गेली काही वर्षं वीकएंड आला की गळ घेऊन त्याच्या मागे मीच फिरते.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी ठाण्याची मुलगी सिअ‍ॅटलला जाऊन मासे कसले पकडते? माझ्या आईचाही हाच प्रश्न आहे, फक्त तिचा सूर वेगळा आहे. तिच्याकडे येऊच. आधी मासा.

सिअ‍ॅटल समुद्रकाठी आहे असं आपण म्हणतो, पण पॅसिफिक महासागर काही इथे दारात नाही. त्याचं एक वाकडंतिकडं बोट जमिनीत खोल घुसलंय, त्याच्या काठावर हे शहर बसलंय. हिमयुगातल्या बर्फाने कोरून काढलेली ही खाडी. 1792 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर इथे जहाज घेऊन आला आणि त्याने तिच्या दक्षिण भागाला आपल्या लेफ्टनंटचं, पीटर प्युजेटचं, नाव दिलं. तेव्हापासून ती प्युजेट साउंड. (हाताखालच्या माणसाला क्रेडिट देणारा बॉस. पाहिलात कधी?)

या खाडीला असंख्य ओढे येऊन मिळतात. त्यातल्या अगदी चिंचोळ्या, उडी मारून ओलांडता येतील अशा ओढ्यांत कटथ्रोट जन्मतो. दोनेक वर्षं गोड्या पाण्यात काढतो आणि मग एका वसंतात खाली खाऱ्या पाण्यात उतरतो. अशा समुद्रात जाऊन येणाऱ्यांना सी-रन म्हणतात. सॅल्मनही समुद्रात जातो, पण सॅल्मनचं करिअर म्हणजे आपल्या बॅचमधला तो मुलगा, जो गेला तो थेट सातासमुद्रापार. परत येतो तो अंडी घालायला, आणि घालून झाली की मरतो. कटथ्रोट म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जाणारा. किनारा सोडत नाही. गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यात खातोपितो, अंडी घालायला आपल्या ओढ्यात जातो आणि ते आटोपलं की पुन्हा कामावर हजर. दोनदा, तीनदा, नशीब असेल तर त्याहूनही जास्त.

ओढा एवढासा, म्हणून त्यात वाढणारी माशांची वस्तीही एवढीशीच. त्यामुळे वॉशिंग्टन राज्याचा नियम सरळ आहे. खाऱ्या पाण्यात कटथ्रोट मिळाला तर सोडून द्यायचा. गळ एकाच टोकाचा, आणि त्याला तो उलटा काटा नसलेला, म्हणजे काढताना मासा फाटत नाही.

हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आईने जो पॉज घेतला, तसा आमच्या डायरेक्टरनेही कधी घेतला नसेल.

‘खायचा नाही?’

‘नाही.’

‘मग पकडतेस कशाला गं?’

आमचं घर सीकेपी. आमच्याकडे माशाची जागा ताटात. त्याला पकडून, बघून, ‘जा बाबा’ म्हणणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. मी तिला बरीच उत्तरं दिली. स्ट्रेस, निसर्ग, फ्रेश एअर वगैरे. तिने एकही पास केलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. ती उत्तरं ब्रोशरमधली होती.

आता फ्लाय म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. गळावर पिसं, केस, लोकर दोऱ्याने बांधून केलेला नकली किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून फेकायची ती दोरीच जाड आणि जड असते, आणि ती हवेत मागेपुढे फिरवून किडा हवा तिथे टेकवायचा. मला हे शिकवलं पलीकडच्या घरातल्या गृहस्थांनी. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, सत्तरीचे, बोलणं मोजकं. ते स्वतःला पहिल्या नावानेच हाक मारायला सांगतात. मी मनातल्या मनात काका म्हणते. नुसतं नाव घ्यायला जीभ वळत नाही.

काकांच्या डबीत शंभरेक फ्लाय असतील. बारक्या माशांसारख्या, कोळंबीसारख्या, सॅल्मनच्या पिल्लांसारख्या. एका कोपऱ्यात मात्र काही मळकट, लांबुडक्या, केविलवाण्या वस्तू पडलेल्या. नाल्यातून काढल्यासारख्या.

‘हे काय?’

‘वर्म,’ काका म्हणाले आणि डबी मिटली. जणू मी कपाटातली रमची बाटली बघितली.

त्यामागे मोठा इतिहास आहे. फ्लाय फिशिंग या खेळात सोवळं फार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थाने पाण्यावर तरंगणारी माशीच कशी खरी, याची जवळजवळ स्मृतीच लिहून ठेवली. 1910 मध्ये स्क्यूज नावाच्या वकिलाने पुस्तक लिहून म्हटलं, अहो, मासा पाण्याखालीही खातो की! त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. अमेरिकेत आजही ‘सॅन वान वर्म’ नावाचा एक फ्लाय आहे. न्यू मेक्सिकोतल्या सॅन वान नदीवरून नाव पडलेला. म्हणजे गळाला बांधलेला मखमली दोऱ्याचा एक तुकडा, बास. मासे त्यावर तुटून पडतात आणि सोवळ्यातले लोक नाकं मुरडतात. कारण गांडूळ म्हणजे शाळकरी पोरांचं आमिष! गांडूळ वापरायचं नाही म्हणून तर फ्लाय आला, आणि आता फ्लायच गांडुळाचा? शुद्ध शाकाहारी हॉटेलात सोयाबीनचा खिमा मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

मला स्वतःला हे सोवळं मुळीच पटत नाही. मासा काय खातो ते बघायचं आणि ते करायचं. युजर काय वापरतो ते न बघता सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं काय होतं ते मी रोज बघते.

आणि हा मासा किडे खातो, हे काही नुसतं काकांचं म्हणणं नाही. ऑलिम्पियाच्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात एका विद्यार्थ्याने 1999 ते 2002 या काळात दक्षिण प्युजेट साउंडच्या कटथ्रोटच्या आहारावर प्रबंध केला. मासा न मारता, पोटात हलकेच पाणी सोडून आतलं बाहेर काढायचं, नोंद करायची आणि मासा परत पाण्यात. (काही लोकांची पीएल बघितली की आपलं काम बरं वाटतं, त्यातलं हे काम.) त्यात सॅल्मनची अंडी निघाली, पिल्लं निघाली, छोटे मासे निघाले, आणि समुद्री गांडुळंही निघाली.

मला ते गांडूळ प्रत्यक्ष भेटलं ते मात्र आईमुळे.

एप्रिलात आई सहा महिन्यांसाठी आली. मे महिन्यातल्या अमावस्येच्या ओहोटीला आम्ही तिला हूड कनालला घेऊन गेलो. नाव कनाल, पण आहे ती खाडीचीच एक लांबलचक फांदी. इथे उन्हाळ्याकडच्या महिन्यांत मोठ्या ओहोट्या दिवसाउजेडी येतात आणि हिवाळ्यात रात्री, ही एक मोठीच सोय. लायसन्स काढायचं, बादली घ्यायची आणि चिखल-वाळूतून तिसऱ्या उकरायच्या. माणशी 40, त्याहून एकही जास्त नाही. ज्याचं लायसन्स त्याने स्वतः उकरायच्या, प्रत्येकाची बादली वेगळी. आणि झालं की खड्डा बुजवायचा, कारण उकरलेल्या ढिगाखाली बारक्या तिसऱ्या गुदमरतात.

आई या नियमांवर निहायत खूश झाली. अमेरिकेतली तिला पटलेली ही पहिली गोष्ट. दुसऱ्यांचे अर्धवट बुजवलेले खड्डेसुद्धा ती पायाने सारखे करत होती आणि करणाऱ्यांचा उद्धार करत होती.

पंचविसाव्या तिसरीच्या वेळी ती ओरडली, ‘अगं बाई, हे काय!’

वीतभर लांबीचं, करंगळीपेक्षा बारीक, चपटं. दोन्ही बाजूंना बारीक बारीक पायांची झालर. पाठीचा रंग आधी नुसता मळकट तपकिरी-हिरवा वाटला. मग ते उन्हात वळलं आणि अंगभर निळं-हिरवं-जांभळं असं काहीतरी सरकत गेलं.

‘धूपछाव,’ आई म्हणाली. ‘माझ्या मोरपंखी पैठणीचा पदर असाच दिसतो.’

नवऱ्याने फोटो काढला. मी काठीने त्याला जरा डिवचलं तर त्याने आतून तोंडाचा सोंडेसारखा भाग बाहेर फेकला, पुढे दोन काळे आकडे. हे जबडे मजबूत असतात, त्यांच्यात जस्त असतं, आणि ते माणसाला चावूही शकतं. मग आईनेच त्याला फावड्यावर घेऊन खड्ड्यात ठेवलं आणि वरून वाळू लोटली. ‘त्याचं घर आहे ते,’ म्हणाली.

इथे त्याला पाइल वर्म म्हणतात, धक्क्याच्या लाकडी खांबांवर शिंपल्यांच्या गर्दीत राहतं म्हणून. शास्त्रीय नाव नेरिस. लिनियसने 1758 मध्ये ठेवलेलं, ग्रीक पुराणातल्या जलकन्यांवरून. आपल्या गांडुळाचं हे लांबचं भावंडच, दोघांचंही अंग कड्याकड्यांचं. फक्त एकाचं नाव गांडूळ पडलं आणि दुसऱ्याला अप्सरेचं मिळालं. नशीब असतं.

पण खरी गंमत पुढे आहे. हे किडे आयुष्यभर चिखलात बिळ करून राहतात. कटथ्रोटला ते सहज मिळतील असं नाही. मग वेळ येते तेव्हा त्यांचं अख्खं शरीर बदलतं. डोळे मोठे होतात. बाजूचे पाय पसरट होऊन वल्ही बनतात. पोटातली पचनाची व्यवस्था आटत जाते, कारण यापुढे जेवायचं नाही, आणि तिथे अंडी किंवा शुक्राणू भरतात. आणि मग वसंतातल्या, उन्हाळ्याच्या तोंडच्या काही काळोख्या रात्री ते बिळं सोडून वर येतात, पाण्याच्या पृष्ठभागाशी पोहत राहतात, जे काही पोटात आहे ते पाण्यात सोडतात आणि मरतात. पॅसिफिकमध्ये सामोआ बेटांवर याच गटातल्या पालोलो नावाच्या किड्याचा मागचा भाग असा वर येतो, तेव्हा लोक चंद्राचा हिशेब ठेवून जाळ्या घेऊन जातात आणि चवीने खातात. हे आईला सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे गाबोळीच की?’

अगदी बरोबर. चालतीबोलती, पोहणारी गाबोळी. कटथ्रोट का वेडा होत असेल ते मला त्या एका शब्दात कळलं. इतकी वर्षं पाकात पडून राहिलेलं जेवण एका रात्री आपल्या पायांनी बाहेर येतं, तेही पोटात गाबोळी घेऊन.

त्या आठवड्यात मी किडा बांधायला बसले.

बांधायचं काम बायकांना लगेच जमतं असं काका म्हणाले. मी त्यावर वाद घालणार होते, पण मग आजी आठवली. आजी दुपारी मांडी उघडी टाकून वाती वळत बसायची. फ्लायच्या अंगासाठी लोकर दोऱ्यावर पीळ देऊन चढवतात, ते थेट वाती वळणं आहे. चिमटीत थोडी घ्यायची, जास्त घेतली की फुगते. पुस्तकात यावर दोन पानं असतात. आजी म्हणायची, ‘कापूस कमी, पीळ जास्त.’ संपलं.

पहिला नमुना केला सशाच्या कातडीच्या बारीक पट्टीचा. बाथटबमध्ये टेस्ट केला. (नवरा दाराशी उभा राहून म्हणाला, ‘टेस्ट केस लिहिल्यास का?’ लिहिल्या होत्या.) पाण्यात जीव आल्यासारखा हलतो, खरंच. पण इतकं पाणी पितो की फेकायला गेलं की ओला टॉवेल फिरवल्यासारखं वाटतं. दुसरा केला मॅराबूचा, म्हणजे टर्कीच्या मऊ पिसांचा. तो सुंदर, पण पाण्यात पडल्यावर फारच बारीक होतो आणि दोन माशांत टक्कल पडतं. तिसरा जमला. तपकिरी-शेवाळी लोकरीची वात, त्यावर मोरपिसाच्या बारीक धाग्यांचे वेढे त्या धूपछाव रंगासाठी, मग सुईने लोकर दोन्ही बाजूंना उसवून पायांची झालर, आणि शेपटीला मॅराबूचा एवढासा झुपका. लांबी तीन इंच. खरा किडा याहून मोठा असतो, पण तीन इंचांपलीकडे गेलं की फेकताना त्रास आणि फायदा काही नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाच जमत नाही. साप किंवा वाम पोहते तेव्हा अंगातली लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते. या किड्यात उलटं. लाट शेपटीकडून डोक्याकडे सरकते, आणि तरीही स्वारी पुढेच जाते, कारण बाजूची वल्ही पाणी मागे लोटत असतात. पिसांचा किडा ही लाट कशी काढणार? तो आपला खेचला की ताणतो, सोडला की आखडतो. माशाला तेवढं पुरतं. माणसाला पुरत नाही, म्हणून बाजारात रबराचे पाय, चमचमते डोळे, काय वाट्टेल ते मिळतं. माझ्या मते त्यातलं निम्मं मासे पकडायला नसून फ्लाय विकत घेणारे पकडायला असतं.

खरा प्रश्न गळ कुठे ठेवायचा हा आहे, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे.

लांब किड्याचं कसं होतं, मासा येतो आणि शेपटी चावतो. गळ तोंडाशी असेल तर हाती नुसता झटका लागतो. म्हणून लोक दुसरा गळ शेपटीत लावतात, दोरीच्या फाशाने लोंबता. दोन गळ, मासा सुटायला नको. मार्चमध्ये ऑलिम्पियाजवळच्या एका किनाऱ्यावर माझ्यापासून पन्नास पावलांवर एका माणसाला मासा लागला. सोळा इंचांचा असेल, नुसता सोन्यासारखा. मागचा गळ तोंडात होता आणि धडपडीत पुढचा डोळ्याच्या कडेत रुतलेला. तो माणूस वाईट नव्हता. हात ओले केले, मासा पाण्यातच धरला, शक्य तेवढ्या हळुवारपणे काढला आणि सोडला. मासा गेला. नियम पाळला गेला. पण मला विचाराल तर ज्या माशाला सोडायचंच आहे, त्याच्यासाठी त्याला सुटूच न देणारं हत्यार बांधणं हा आपल्याशीच केलेला खोटेपणा आहे. ‘सोडला’ म्हटल्यावर तो जगलाही पाहिजे ना? नाहीतर आईचं म्हणणं बरं, खा तरी.

माझ्या किड्यात पुढच्या भागात गळ नाही, नुसती तार. मागे एकच छोटा, आखूड दांडीचा, बिनकाट्याचा गळ. मासे जास्त निसटतात. निसटू देत. त्याला बग म्हणणारे म्हणोत, माझ्या लेखी ते फीचर आहे.

पकडायचं कसं, तेही थोडक्यात सांगते. ऑलिम्पियाकडे भरती-ओहोटीतला फरक सरासरी चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला कालवांच्या शेतांपलीकडे नुसता चिखल दिसतो. भरती चढायला लागली की कटथ्रोट त्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतो, मंडई उघडताना गिऱ्हाईक शिरावं तसा. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती. कोकणात हे छान चालतं. मी हौसेने इथे लावून बघितलं, इथे अजिबात चालत नाही. दिवसातल्या दोन ओहोट्या इथे सारख्या नसतात. एक खोल, दुसरी नुसती नावाला. तेव्हा आजोबांना नमस्कार करून छापील तक्ता घ्यायचा.

पहाटे जायचं. रात्री वर आलेले काही किडे तेव्हा थकून वाहत असतात. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जातो, म्हणून वाळू-गोट्यांची जागा धरायची. किडा तिरका फेकायचा आणि दोरी अगदी सावकाश ओढायची. माशाच्या नकलेसारखे जोरात झटके द्यायचे नाहीत. लहानपणी मांज्याची लच्छी कशी करायचात, अंगठा आणि करंगळीभोवती इंग्रजी आठाचा आकडा? तस्सं. तळहातात दोरी गोळा होत राहते, किडा कंटाळवाण्या गतीने येत राहतो. पंधरा मिनिटं काही होत नाही. तुम्ही सोमवारच्या स्टेटस रिपोर्टचा विचार करायला लागता. आणि नेमकं तेव्हाच दोरी जड होते. झटका नाही, नुसती जड. किडा खाताना त्याला कसली घाई नसते. पळणाऱ्या पिल्लांवर तो तुटून पडतो, इथे नुसता ओठाने उचलतो.

मे महिन्यात त्या तिसऱ्या नमुन्यावर मला चौदा इंचांचा एक मिळाला. पाठीवर मिऱ्यांसारखे ठिपके, पोट चांदीचं, गळ्याखाली त्या दोन रेघा, खाऱ्या पाण्यातल्या माशांत असतात तशा जरा फिक्या. मी त्याला पाण्याबाहेर काढलंच नाही. गळाला बोट लावलं, गळ निघाला. तो क्षणभर माझ्या पायाशीच थांबला, मग कालवांकडे गेला. त्याच कालवांखाली त्याचं जेवण राहतं, पलीकडे दोन मैलांवर एखादा ओढा असेल जिथे तो जन्मला. मी पंधरा वर्षांत चार शहरं आणि सहा घरं बदलली. अशा कुणाला बघितलं की मला जरा असूया वाटते, लपवत नाही.

घरी येऊन सगळं आईला सांगितलं. ती तिसऱ्यांच्या सुक्याला खोबरं खवत होती. फ्रीझरमध्ये अजून दोन वेळचा ऐवज होता. ‘किडा खाल्लान का?’ एवढंच विचारलं.

मग मीच म्हटलं, चल दाखवते.

अमावस्येला चार दिवस झाले होते. रात्री सव्वादहाला आम्ही गावातल्या सार्वजनिक धक्क्यावर गेलो. मे असला तरी थंडी होती, आईने शालीवर माझं जॅकेट चढवलं होतं. धक्क्याच्या टोकाला एक दिवा पाण्यावर वाकलेला. त्याच्या उजेडात आधी काहीच दिसेना, नुसती कोळंबीची पिल्लं. आई म्हणाली, ‘झोप मोडलीस उगाच.’ आणि मग खालून एक सरळ वर आला. बिळातला तो नव्हताच. अंग भरलेलं, बाजूची वल्ही लखलखती, आणि पोहण्यात अशी काही लगबग, की ज्याने आयुष्यभर चिखल सोडला नाही त्याला हे शिकवलं कुणी? दुसरा आला. मग पाच-सहा. एकमेकांभोवती गोल गोल फिरत होते. एकाच्या मागे पाण्यात दुधट रेघ उमटली आणि विरली.

आई रेलिंगला टेकून वाकली होती. बोलत नव्हती.

उजेडाच्या कडेला, जिथे काळं पाणी सुरू होतं, तिथे एक गोल उठला. आवाज जवळजवळ नाहीच. एक किडा कमी झाला. थोड्या वेळाने अजून एक गोल.

‘तोच का गं तुझा?’

‘दिसला नाही. असेल.’

‘काठी आहे गाडीत?’

‘आहे.’

‘राहू दे,’ आई म्हणाली आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.